सात ग्रॅमसाठी अटक हवीच का?

अंजीर बर्फी | सोमवार, रात्री ११:५२

चार दिवस ही पोस्ट लिहितेय आणि खोडतेय. आज टाकतेच.

माझा भाचा, वय २१, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या बुधवारी संध्याकाळी दोन मित्रांबरोबर टेकडीवर बसला होता. साध्या कपड्यातले दोन पोलीस आले, सॅक उघडायला लावली. आत कंपासपेटी, कंपासपेटीत पुडी. पंचनाम्यात लिहिलंय, "हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या व बिया असलेला गांजासदृश पदार्थ, वजन ७ ग्रॅम." ही कंपासपेटी पाचवीत त्याला मीच घेऊन दिली होती. तेवढंच डोक्यात घोळत राहिलं.

भाऊजी कामासाठी नाशिकला होते. ताईचा फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ. मग मी आणि ताई पहाटे दोनपर्यंत चौकीत. खोटं कशाला सांगू, कोणी त्याच्या अंगाला हात लावला नाही. एका हवालदारांनी तर चहासुद्धा पाजला. पण अटक झाली, बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी कोर्ट, संध्याकाळी जामीन. घरी आल्यापासून तो कोणाशी धड बोलत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूत मिळालेली नोकरी जुलैत सुरू व्हायची आहे.

मी गांजाची बाजू घेत नाहीये. घरी आल्यावर पहिली थोबाडीत मीच दिली. विचारायचंय ते एवढंच: ज्याच्याकडे विकण्याइतका माल नाही, ज्याने कोणाला त्रास दिला नाही, अशा पोराला अटकच करायला हवी का? समज देऊन, दंड घेऊन सोडता येत नाही? की आपल्या घरातलं आहे म्हणून मला आता असं वाटतंय?

कडक चहा | मंगळवार, सकाळी ७:१०

शेवटच्या वाक्यात तुम्हीच उत्तर दिलंय. शेजारच्याचा मुलगा असता तर "बरं झालं पकडला" म्हणाला असतात. कायदा आहे, मोडला, अटक झाली. सिंगापूरमध्ये अर्ध्या किलोच्या वर गांजा नेताना सापडला तर फाशी आहे. तिथे टेकडीवर कोणी बसतं का?

शेंगदाणा चटणी | मंगळवार, सकाळी ७:३१

सिंगापूरला टेकडी आहे का हो?

कडक चहा | मंगळवार, सकाळी ७:३४

आहे. गुगल करा.

चिंचेचं झाड | मंगळवार, सकाळी ८:०५

अंजीर बर्फी, ताईंना आणि मुलाला आधी सांभाळा. बाकीची चर्चा होत राहील. तो बोलत नाही म्हणजे लाजेनं की भीतीनं, हे कोणीतरी शांतपणे विचारायला हवं. थोबाडीत मारणाऱ्या मावशीनंच विचारलं तर उत्तम.

काळा कोट | मंगळवार, सकाळी ९:४८

शिवाजीनगर कोर्टात असली प्रकरणं बघतो, म्हणून थोडं सविस्तर. (हा सल्ला नाही. सल्ल्याला तुमचे वकील आहेतच.)

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५चा. सुरुवातीला त्यात प्रमाणाचा विचार जवळजवळ नव्हता. २००१च्या दुरुस्तीत तीन पायऱ्या आल्या. गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण, आणि मधलं ते मधलं. चरसला हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाणाला आज एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. व्यावसायिकला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस.

म्हणजे भाचा सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. प्रश्न अटकेचा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, नोटीस देऊन बोलवायचं, अटक केलीच तर कारण लिहून ठेवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५मध्येही ही नोटीस आहे. त्यामुळे "अटक करावीच लागते" हे खरं नाही.

मग होते कशी? एक कारण असं की हे गुन्हे जामीनपात्र आहेत की नाहीत यावरच गोंधळ होता. अल्प प्रमाण जामीनपात्र आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१०मध्ये एका प्रकरणात म्हटलं. २०२०मध्ये त्याच न्यायालयानं, एका अतिशय गाजलेल्या प्रकरणात, या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत असा निकाल दिला. चौकीतल्या माणसाला दुसरा निकाल तोंडपाठ असतो. अर्नेश कुमार विसरायला होतं.

एक विचारतो. एफआयआरमध्ये कलम कोणतं लावलंय, २० की २७?

विमाननगरवाला | मंगळवार, सकाळी १०:२०

आमच्या ऑफिसमागच्या टपऱ्यांवर रात्री दहानंतर जे चालतं ते सगळ्या विमाननगरला दिसतं. पकडतात कोणाला? स्कूटरवरच्या डिलिव्हरीवाल्याला, होस्टेलच्या पोराला. ज्याच्या बंगल्याला गेट आहे तो गच्चीत बसून ओढतो, त्याची सॅक कोण उघडणार? टेकडी सार्वजनिक जागा आहे, गच्ची नाही. फरक एवढाच.

आणि कुरकुंभ आठवा. फेब्रुवारी २०२४, एमआयडीसीतल्या कारखान्यात एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) बनत होतं, पुणे पोलिसांनीच पकडलं. ते काम त्यांनी जोरात केलं, दाद दिलीच पाहिजे. मग तीच माणसं कंपासपेट्या उघडायला का पाठवायची?

निवृत्त फौजदार | मंगळवार, दुपारी १२:१५

विमाननगरवाला, मी ३३ वर्षं खात्यात होतो. उत्तर देतो, राग मानू नका.

मोठा कारखाना आभाळातून पडत नाही. त्याचा धागा कुठल्या तरी लहान पोराच्या खिशातून निघतो. कोणाकडून घेतला, त्याने कोणाकडून घेतला, असं चार घरं वर गेलं की खरा माणूस सापडतो. पुडीवाल्याला हात लावायचा नाही असं ठरवलं तर तपासाची पहिली पायरीच गेली.

दुसरं, वकीलसाहेबांनी १ किलो सांगितलं. एक किलो म्हणजे काय ते कोणी गणित केलंय? पाच ग्रॅमची पुडी धरली तर दोनशे पुड्या. विकणाऱ्याला हा आकडा तुमच्याआमच्यापेक्षा चांगला माहीत असतो. तो कधीच किलोभर घेऊन फिरत नाही. पन्नास-शंभर ग्रॅम घेऊन निघतो, संपलं की परत जातो. पकडला की म्हणतो, "साहेब, मी पिणारा आहे." कायद्यात त्याची आणि ताईंच्या भाच्याची पायरी एकच. आम्ही काय करायचं? कपाळ वाचायचं?

भाच्याला नोटीस देऊन सोडता आलं असतं, हे मात्र मान्य. मी असतो तर आईवडिलांना बोलावून समज दिली असती. पण मुद्देमाल जप्त झाला, पंचनामा झाला की मग "समज" हा शब्द कागदावर राहत नाही. वरिष्ठ विचारतात, अटक का नाही केली? अटक का केली हे कोणी विचारत नाही.

शेंगदाणा चटणी | मंगळवार, दुपारी १२:४०

"अटक का केली हे कोणी विचारत नाही." काका, हे वाक्य फ्रेम करून चौकीत लावा. गांधीजींच्या शेजारी.

तापीकाठ | मंगळवार, दुपारी २:०२

शहरातली मंडळी गांजा म्हणजे कॉलेजची पोरं एवढंच धरून चाललीत. मी शिरपूरकडचा. आमच्याकडे दर हिवाळ्यात बातमी असते, तुरीच्या, कपाशीच्या आड गांजा लावला, इतके लाखांची झाडं उपटली. आणि पकडला जातो तो पाड्यावरचा माणूस, ज्याला बियाणं आणि आगाऊ पैसे कोणीतरी आणून दिलेले असतात. ते आणून देणारा दिसत नाही.

त्याचं वजन कसं करतात माहितीये? मुळं, माती, खोड, पानं, सगळं ओलं झाड काट्यावर. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. बोंडांशिवायची नुसती पानं आणि बिया गांजात धरतच नाहीत. पण ओल्या झाडाचं वजन केलं की दोन किलोचा ऐवज पंचवीस किलो होतो, आणि माणूस थेट वीस वर्षांच्या पायरीवर. जामीनही जवळपास बंद. या मुद्द्यावर उच्च न्यायालयानं जामीन दिलेत, पण तिथपर्यंत पोचायला पैसा लागतो.

अवांतर: माझे आजोबा चिलीम ओढायचे. साफी ओली करून, पिळून, चिलमीला गुंडाळून. एकादशीला भजन झालं की चार म्हातारे वडाखाली. गावात त्यांना कोणी गुन्हेगार म्हटलं नाही. गंजेडी म्हणायचे, ते वेगळं. आजी म्हणायची, "दारूडा घर मोडतो, गंजेडी घर विसरतो." दोन्हीत तिचंच काम वाढायचं.

चिंचेचं झाड | मंगळवार, दुपारी २:३०

आजीला दंडवत.

अंजीर बर्फी | मंगळवार, दुपारी ४:१८

सगळ्यांचे आभार. @काळा कोट, ताईला विचारलं. २०(ब). २७ नाही. यात फरक काय?

काळा कोट | मंगळवार, रात्री ९:०५

फरक बराच आहे, आणि तो लोकांना माहीत नसतो.

कलम २० म्हणजे बाळगणं, विकणं, विकत घेणं, नेणं. सगळं एकाच कलमात, शिक्षा फक्त वजनावर. काकांनी म्हटलं ते बरोबर: नऊशे ग्रॅम विकायला आणणारा आणि सात ग्रॅम ओढायला घेतलेला, दोघे एका रांगेत. कलम २७ म्हणजे सेवन. गांजाला सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सहा महिने की वर्ष, हा खरा फरक नव्हे. खरा फरक कलम ३३मध्ये आहे. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून देण्याची सवलत, म्हणजे प्रोबेशन, या कायद्यात दोनच जागी मिळते: आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर, किंवा गुन्हा कलम २६ वा २७चा असेल तर. कलम २०ला नाही. तुमचा भाचा ओढत असताना सापडला असता तर त्याला प्रोबेशन मागता आलं असतं. ओढण्याआधी सापडला म्हणून मागता येत नाही.

शेंगदाणा चटणी | मंगळवार, रात्री ९:११

म्हणजे पोलीस येताना दिसले की घाईने पेटवायची?

काळा कोट | मंगळवार, रात्री ९:१४

मी हे वाचलं नाही.

तिसरा मजला | मंगळवार, रात्री १०:४०

मी मनोविकारतज्ज्ञ. दोन्ही बाजूंना थोडं थोडं नाराज करतो.

"गांजा काय, नैसर्गिक आहे" म्हणणाऱ्यांसाठी: धोतराही नैसर्गिक आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू केलेला, रोजचा, तीव्र गांजा मेंदूला सोसत नाही. घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर भास, संशय, तुटकपणा सुरू होण्याचा धोका वाढतो. अशी मुलं आईवडिलांबरोबर माझ्याकडे येतात, आणि "अभ्यासाचं टेन्शन आहे" म्हणून वर्ष गेलेलं असतं. ओढणाऱ्यांपैकी दहातल्या साधारण एकाला व्यसन जडतं. सगळ्यांना नाही, पण एक म्हणजे शून्यही नाही.

"सगळ्यांना आत टाका" म्हणणाऱ्यांसाठी: दारूने यकृत जातं, अपघात होतात, माणसं मरतात. गांजाच्या अतिसेवनाने दारूसारखा मृत्यू मी पाहिलेला नाही. एम्सच्या केंद्रानं केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९मध्ये आलं. त्यात वर्षभरात गांजा-चरस घेणारे देशात सुमारे १ कोटी ३० लाख निघाले. त्यांना ठेवायला कुठली येरवडा बांधणार?

माझ्या खोलीत अटकेचा परिणाम असा दिसतो की मुलगा खरं सांगत नाही. "किती ओढतोस?" विचारलं की आधी दाराकडे बघतो. गुन्हा आहे म्हटल्यावर तो डॉक्टरलाही पोलीस समजतो.

कडक चहा | बुधवार, सकाळी ७:०२

डॉक्टर, पटलं थोडं. पण भीती नसेल तर थांबवणार कशानं? माझ्या मुलीचं कॉलेज फर्ग्युसन रस्त्यावर आहे. उद्या हे कायदेशीर केलं की पानाच्या ठेल्यावर मिळेल. मला ते नकोय. सरळ सांगतो, नकोय.

इसारकाठी | बुधवार, दुपारी १:३३

म्युनिकहून. मूळची कर्वेनगरची.

इथे १ एप्रिल २०२४पासून अठरा वर्षांवरच्यांना २५ ग्रॅम जवळ बाळगता येतो, घरी ५० ग्रॅम आणि तीन झाडं. ऐकायला मोकाट वाटतं, पण हे जर्मन लोक. शाळा आणि खेळाचं मैदान नजरेच्या टप्प्यात असेल तर ओढायचा नाही, पादचारी रस्त्यावर सकाळी ७ ते रात्री ८ ओढायचा नाही. दुकानात विक्री नाहीच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी टोमॅटोशेजारी तीन झाडं लावली. चौथं उगवलं तेव्हा उपटून कंपोस्टमध्ये टाकलं, आणि ते मला बोलावून दाखवलं, साक्षीदार म्हणून.

@कडक चहा, विकायला परवानगी देणं आणि बाळगणाऱ्याला अटक न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्तुगालमध्ये २००१पासून स्वतःपुरतं बाळगणं गुन्हा नाही, पण ते कायदेशीरही नाही. पुडी जप्त होते, समितीपुढे जावं लागतं, तिथे समुपदेशक असतो. विकणाऱ्याला तुरुंग आहेच. अंजीर बर्फींचा प्रश्न तेवढाच आहे ना?

निवृत्त फौजदार | बुधवार, दुपारी ३:२०

थायलंडने २०२२मध्ये मोकळं सोडलं आणि २०२५मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं, तेही सांगा.

इसारकाठी | बुधवार, दुपारी ३:२६

सांगते की. त्यांनी नियम न करताच दार उघडलं. पण परत फिरताना त्यांनीही पूर्वीसारखं सगळ्यांना आत टाकायचं ठरवलेलं नाही.

पेठेतली सून | बुधवार, दुपारी ४:४४

मंडळी, दारूचं बोलताय म्हणून. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, १९४९च्या कायद्यानुसार! माझ्या सासऱ्यांकडे आजन्म परवाना आहे, लॅमिनेट करून देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलाय. एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. आता हात वर करा, या धाग्यावर किती जणांकडे परवाना आहे? आणि कडक दारूला वय २५ पूर्ण लागतं. म्हणजे ३१ डिसेंबरला अर्धं पुणं गुन्हेगार असतं, आणि पोलीस रस्त्यावर त्यांची गाडी नीट चाललीय ना तेवढंच बघतात.

तेच बरोबर आहे, असं माझं मत. गाडी चालवतोय का, त्रास देतोय का, लहान मुलांना विकतोय का, ते बघा.

शेंगदाणा चटणी | बुधवार, दुपारी ४:५०

परवाना देवघरात. ही खरी पेठ.

काडीपेटी ८७ | बुधवार, सायंकाळी ६:१२

[प्रतिसाद संपादित]

संपादक मंडळ | बुधवार, सायंकाळी ६:३०

कुठे मिळतो, कितीला मिळतो असे प्रतिसाद उडवले जातील. दोन उडवले आहेत. एक विचारणारा होता, एक सांगणारा. दोघांचं एकमेकांशी जमलं असतं याची कल्पना आहे.

ग्रंथकीटक | बुधवार, रात्री ८:५५

१८९३मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न आला की हिंदुस्थानात लोक गांजाने वेडे होतात, बंदी का घालत नाही? त्यावर आयोग नेमला. देशभर फिरून त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४मध्ये अहवाल दिला. निष्कर्ष: माफक वापराने फारसं नुकसान होत नाही, अतिवापराने होतं, सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवाने ठेवावेत.

त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळी. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदींत "कारण: गांजा" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं होतं. आयोगाने एकेक प्रकरण उकरलं. कित्येकदा रुग्णाला घेऊन येणाऱ्या शिपायाने ऐकीव माहितीवर किंवा अंदाजाने ते लिहिलेलं निघालं. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती, म्हणून गांजा.

वकीलसाहेबांचं २० की २७ वाचताना हेच आठवलं.

विमाननगरवाला | बुधवार, रात्री ९:३०

+१. आणि भांग? होळीला अख्खा देश पितो.

काळा कोट | बुधवार, रात्री ९:५२

भांग पानांची. पानं एकटी असली तर केंद्राच्या व्याख्येत गांजा नाहीत, त्यामुळे भांग राज्यांच्या अबकारी नियमांवर सोडलेली आहे. झाड एकच, फूल गुन्हा, पान ठंडाई.

कायदा हलतच नाही असंही नाही. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढण्यावर मतदान झालं, २७ विरुद्ध २५. भारताने बाजूने मत दिलं. २०२१मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवलं की स्वतःपुरतं अल्प प्रमाण गुन्ह्यातून काढा, उपचाराकडे पाठवा. ते सुचवण्यावरच थांबलं.

चौदा वर्षं | बुधवार, रात्री ११:४७

नेहमी फक्त वाचतो. आज लिहितोय.

मी सतराव्या वर्षी गांजा सुरू केला, तेविसाव्या वर्षी गर्द (ब्राऊन शुगर). सगळे गांजेकस गर्दावर जात नाहीत, मी गेलो. ज्याच्याकडून पुडी घ्यायचो त्याच्याच दुसऱ्या खिशात गर्द होतं, एवढं साधं आहे ते. कायद्याने दोन्ही एकाच माणसाच्या खिशात ठेवलं, असं मला आता वाटतं.

मला तीन वेळा पकडलं. तिन्ही वेळा सुटलो त्याच संध्याकाळी ओढला. कोठडीत माणूस व्यसनाचा विचार करत नाही, जामीनदाराचा करतो. आईच्या पाटल्या दुसऱ्या अटकेत गेल्या.

थांबलो ते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे. पस्तीस दिवस. तिथे पहिल्या दिवशी मी विचारलं, "पोलिसांना कळवणार का?" समोरचा माणूस हसला. तोही पूर्वी तिथलाच पेशंट होता.

पण कडक चहा यांनाही एक सांगतो. "नुसता गांजाच आहे" असं म्हणत माझ्या वडिलांनी चार वर्षं दुर्लक्ष केलं. अंजीर बर्फी ताई, थोबाडीत मारलीत ते जाऊ द्या. तो रोज ओढतो की महिन्यातून एकदा, हे कोर्टापेक्षा महत्त्वाचं आहे. वकीलसाहेब, कलम ६४अचं सांगा ना त्यांना.

कडक चहा | गुरुवार, सकाळी ६:५५

चौदा वर्षं, तुम्हाला नमस्कार. खिशाचा मुद्दा डोक्यात राहिला. विक्रीला माझा विरोध कायम. अटकेचं मी परत विचार करून लिहितो.

काळा कोट | गुरुवार, सकाळी ९:३०

बरोबर आठवण केलीत. ६४अ: व्यसनी व्यक्ती कलम २७मध्ये किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात आरोपी असेल आणि स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर संरक्षण जाऊ शकतं. शिवाय कलम ३९मध्ये दोषी ठरल्यावरही न्यायालय शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं.

मेख "व्यसनी" या शब्दात आहे. महिन्यातून एकदा ओढणारा व्यसनी नाही. म्हणजे ज्याचं जास्त बिघडलंय त्याला दार आहे, ज्याचं फारसं बिघडलेलं नाही त्याला नाही. मी हे पक्षकारांना समजावतो तेव्हा ते माझ्याकडे असे बघतात की कायदा मीच लिहिलाय.

अंजीर बर्फी | रविवार, रात्री १०:१०

शेवटी काल त्याच्याशी बोलले. टेकडीवरच गेलो दोघं, सकाळी. परीक्षेनंतर, सबमिशननंतर, असं दीड वर्षात दहा-बारा वेळा म्हणाला. मला खरं वाटलं. डॉक्टर, तो बोलताना एकदाही दाराकडे बघत नव्हता. अर्थात टेकडीवर दार नसतं. तरी तुमच्यासारख्या कोणाकडे एकदा नेणार आहे.

मग त्याने विचारलं, "मावशी, गुन्हा कबूल करू का?" त्याच्याबरोबरच्या एका मुलाला कोणीतरी सांगितलंय की कबूल केलं की दंड आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा, बाकावर बसायचं संध्याकाळपर्यंत, विषय संपला. भाऊजी म्हणतात लढायचं. ताई म्हणते लवकर संपव. मला दोन्ही बरोबर वाटतं.

काळा कोट | रविवार, रात्री १०:४४

तुमच्या वकिलांना विचारल्याशिवाय काही करू नका. एवढंच सांगतो: संध्याकाळी सुटेल हे बहुधा खरं. "विषय संपला" हे खोटं. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे प्रत्येक फॉर्मवर "कधी शिक्षा झाली आहे का" या रकान्यात हो लिहावं लागेल. लढला तर खटला प्रलंबित, म्हणजे पासपोर्टला कोर्टाची परवानगी, चारित्र्य पडताळणीत नोंद, आणि तारखा. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला का तेही बघा. पदार्थ "गांजासदृश" आहे की गांजा, ते अजून सिद्ध व्हायचंय.

मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांमधल्या अशा हजारो प्रकरणांचा अभ्यास 'विधी' या संस्थेने केला होता. त्यात बहुतेक गांजाचीच आणि स्वतःच्या सेवनाचीच निघाली. लोक कबूल करून मोकळे होतात. मोकळे झाले असं त्यांना वाटतं.

निवृत्त फौजदार | रविवार, रात्री ११:०५

ताई, सात ग्रॅमची कबुली देऊ नका. हे मी लिहिलंय ते खात्यातल्या कोणाला सांगू नका.

शेंगदाणा चटणी | रविवार, रात्री ११:०८

काका, धागा सार्वजनिक आहे.

निवृत्त फौजदार | रविवार, रात्री ११:१०

असू दे. पेन्शन चालू आहे.

कडक चहा | सोमवार, सकाळी ७:२०

विचार करून लिहितो म्हणालो होतो. पुडी जप्त करा, घरी फोन करा, दंड घ्या, दुसऱ्यांदा सापडला तर डॉक्टरकडे पाठवा. विकणाऱ्याला सोडू नका, सात ग्रॅमचा असला तरी. पण विकणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवायचं कसं, काकांनी विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. वजनावर ठरत नाही एवढं कळलं.

तापीकाठ | सोमवार, सकाळी ८:०१

आमच्याकडे तर वजनातही माती असते.

अंजीर बर्फी | तेवीस दिवसांनी, बुधवार, रात्री ९:३६

लढायचं ठरलं. निर्णय त्याचाच. कंपनीला त्याने स्वतः मेल करून सगळं कळवलं, आम्ही नको नको म्हणत असताना. अजून उत्तर नाही. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आलेला नाही, पुढची तारीख १९ला आहे, सकाळी ११.

ताईचे गुडघे दुखतात म्हणून गाडी नेणार आहे. शिवाजीनगर कोर्टाच्या आसपास चारचाकीला जागा कुठे मिळते, कोणी सांगेल का?

पेठेतली सून | बुधवार, रात्री ९:४०

मिळत नाही.

काळा कोट | बुधवार, रात्री ९:४१

मिळत नाही. मेट्रोने या, कोर्टाच्या शेजारीच उतरता येतं.

निवृत्त फौजदार | बुधवार, रात्री ९:५५

मेट्रोने या. आणि अकराचे म्हणजे साडेदहाला पोचा. डबा बरोबर ठेवा, पुकारा कधी होईल सांगता येत नाही.